बाहुल्यांच्या मागचा मोडेम

म्हैसूर
आश्विन शुद्ध एकादशी, शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

चि. मृदुला हिस,

अनेक आशीर्वाद.

‘चि.’च्या पुढे ‘सौ.’ लिहावं की नाही, इथेच पेन अडलं. जूनमध्ये तुझे आणि प्रणेशचे कोर्टाचे कागद झाले, तेव्हापासून तुझ्या नावाआधी काय लिहायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही. शेवटी नुसतं ‘चि.’ लिहिलं. ते काढून घ्यायचा अधिकार कुठल्या कोर्टाला नाही, एवढं मला कळतं. बाकी सध्या काही कळत नाही.

आम्ही इकडे ठीक. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे आणि व्यायाम ते करत नाहीतच. आज एकादशी, त्यामुळे चूल बंद. बाबा उपासाच्या नावाखाली झोपलेत. घर शांत आहे, म्हणून बसले लिहायला. कागदावर तुला पहिल्यांदाच लिहितेय. सून म्हणून आलीस आणि सात वर्षं एका घरात होतो, तेव्हा लिहायची गरज नव्हती, आणि तू पुण्याला गेल्यावर तो मेला व्हॉट्सअॅप होता. त्यावर दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे तू वाचलंस हे कळतं. वाचून काय म्हणालीस ते कळत नाही.

परवा, खंडेनवमीला, पाच वाजता ईश्वरीला नवरात्राच्या बाहुल्या फोनवर दाखवायचं मी कबूल केलं होतं. मागच्या रविवारी तुम्ही नाशिकला होता, म्हणून रविवारचा फोन बुधवारवर ढकलला होता. ती सोसायटीतला भोंडला सोडून फोनसमोर बसली असणार. आणि इकडून कुणी आलंच नाही. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. राग येणारच. मला आला असता तर मी बंगळुरूपर्यंत ऐकू जाईल अशी बोलले असते. तू गप्प बसतेस, ते जास्त जड जातं.

ऑगस्टमध्ये तू म्हणाली होतीस, “आई, तुमचं चित्र अडकतं, ती समोर बसून राहते, आणि मग दोन दिवस चिडचिड करते. नीट जमत नसेल तर रविवारचं हे बंद करू या.” तू ते चिडून म्हणाली नव्हतीस, म्हणून तर मी घाबरले. चिडून बोललेलं दुसऱ्या दिवशी विसरता येतं. हे विचार करून बोललेलं होतं. मृदुला, ते बंद करू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मी काय काय केलं ते सगळं वाच आणि मग ठरव.

तुला माहीतच आहे, आपल्या घरात साधा फोन लागतो, पण मोबाइलच्या इंटरनेटची रेंज गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी येते आणि तिथेच राहते. खाली हॉलमध्ये ईश्वरी अर्धं तोंड उघडून थांबायची. तेव्हा मी ठरवलं, घरात तारेचं इंटरनेट आणायचं. आपला केबलवाला नरसिंहमूर्ती म्हणाला, टीव्हीची जी केबल येते तिच्यातूनच इंटरनेटही येतं, फक्त मोडेम लावायचा. मला वाटलं, झालं काम. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नद्यांचे उगम आणि मुखं पोरांकडून घोकून घेतली. एक तार कुठून येते आणि कुठे जाते ते मला समजणार नाही?

नाही समजलं.

पहिली गोष्ट म्हणजे तो आला पितृपक्षात. बाबा म्हणाले, “वेदा, पक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत, अल्वा, हो की नाही?” पण आपली केबल कुठल्या भिंतीतून आत येते ते तू जाणतेस. नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतो, तीच भिंत. एकदा पायऱ्या लागल्या की दशमीपर्यंत तिथे उंदीरसुद्धा शिरत नाही. मी म्हटलं, पितर माझ्या सासरचे आहेत, नातीसाठी चालवून घेतील.

नरसिंहमूर्तीनं दोन डबे काढले. एकाला केबल पिळून लावायची आणि दुसऱ्याला अँटेना. “अम्मा, इदु मोडेम, इदु राउटर. एरडू बेकु,” म्हणजे दोन्ही लागतात. बाबांनी विचारलं, काम एक आणि डबे दोन कशाला? तो म्हणाला, एक आणतो आणि दुसरा वाटतो. हे मला पटलं, कारण आपल्या घरातही तसंच चालतं. मग त्यानं मोडेम लावला आणि टीव्ही गेला. टीव्ही लावला तर मोडेमचे दिवे गेले. बाबांच्या बातम्या बंद पडल्या म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी त्यानं एका तारेच्या दोन तारा करणारा एक छोटा तुकडा आणून बसवला, तेव्हा घरात शांतता झाली.

तेवढ्यानं भागलं नाही. मोडेमच्या पोटावर एक नंबर छापलेला असतो. कंपनीला तो कळवल्याशिवाय ते त्याला ओळखत नाहीत. कंपनीची बाई फोनवर हिंदीत विचारत होती, बाबा तिला कन्नडमध्ये उत्तर देत होते, आणि मी भिंग धरून मागून इंग्रजी अक्षरं ओरडत होते. “बी फॉर बिंदुमाधव,” असं बाबा तिला बजावून सांगत होते. स्वतःचं नाव घ्यायची एकही संधी हे सोडत नाहीत. ती बाई बिचारी शेवटी हसायला लागली. चार दिव्यांपैकी तीन लागले. चौथा लुकलुकत राहिला. मला वाटलं, काम सुरू आहे. नरसिंहमूर्ती म्हणाला, लुकलुकतोय म्हणजे सुरू झालेलं नाही. बाबा म्हणाले, “अर्थ आग्लिल्ल.” मलाही अर्थ लागला नव्हता, पण मी कबूल केलं नाही.

शेवटी त्यानं विचारलं, घरात कितीजण वापरणार? त्यावरून वेग ठरतो म्हणे. मी म्हटलं, “ऐदु.” पाच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नरसिंहमूर्तीनं पण पाहिलं, तो आपल्याकडे प्रणेश शाळेत होता तेव्हापासून येतोय. घरात आम्ही दोघंच असतो हे त्याला ठाऊक आहे. त्यानं पाच लिहिलं. मी आत जाऊन त्याला कॉफी करून आणली.

अखेर चौथा दिवाही लागला, आणि त्यानंतरच्या रविवारी ईश्वरी हलली! नुसती हलली नाही, पडलेला दात दाखवला, जिभेनं ती जागा दाखवली, सोफ्यावर उभी राहून नाच दाखवला. एकदाही अडकली नाही. मला रडू आलं, ते तिला दिसू नये म्हणून मी चष्मा पुसत बसले. आणखी एक गोष्ट दिसली, ती तुला सांगितली नाही. ती नीट बसेपर्यंत तू फोन धरतेस ना, तेव्हा कडेला तुझा हात दिसतो. मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसतो, आपल्या होळिगेच्या, तुमच्या पुरणपोळीच्या, तव्याचा. पूर्वी रेंज इतकी वाईट होती की हे काही दिसायचंच नाही. आता चित्र इतकं स्वच्छ येतं की डागसुद्धा ओळखू येतो. तुझा चेहरा मात्र येत नाही.

असो. मग घट बसले, मी पायऱ्या मांडल्या, आणि मोडेम बाहुल्यांच्या मागे गेला. सैनिकांच्या बँडच्या मागून हिरवा दिवा दिसायचा. बाबा म्हणायचे, या वर्षी राजवाड्याची रोषणाई घरीच.

आता खंडेनवमी. तुला माहीत आहे, आपल्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. शिलाई मशीन, कात्री, मिक्सर, बाबांची स्कूटर, माझी शाळेतली नकाशावर फिरवायची काठी. पुस्तकं सरस्वतीपुढे मांडतो आणि दशमीला पूजा उतरेपर्यंत वाचत नाही. या वर्षी नवं यंत्र म्हणून मोडेमलाही गंध, अक्षता, फूल वाहिलं. तारा काढून तो पाटावर ठेवला. एकदा पूजेत ठेवलेली वस्तू दशमीआधी उचलायची नाही. म्हणून फोन लागला नाही. ईश्वरीला एवढंच सांग, आजीनं मोडेमची पूजा केली.

एवढं लिहून मी पत्र संपवणार होते. पत्ता लिहायला पाकीटही काढलं होतं.

पण तू या घरातली सात नवरात्रं पाहिली आहेस. तू वाचता वाचता विचारशील, आई, मिक्सरची पण पूजा झाली होती, मग संध्याकाळची चटणी कशावर वाटली? त्याच मिक्सरवर वाटली. स्कूटरवरून बाबा दुपारी फुलं आणायला गेले. आपल्या घरात शास्त्र आहे, पण चटणी अडेल इतकं कधीच नव्हतं. आणि मोडेमची पूजा सकाळी झाली ती बाहुल्यांच्या मागे, जागच्या जागी. मी हात लांब करून त्याला गंध लावलं. तारा तशाच होत्या. चारही दिवे लागलेले होते.

तारा मी काढल्या दुपारी चारच्या सुमाराला. प्रणेशचा फोन आला त्यानंतर.

तो म्हणाला, “आई, बाहुल्या बघायला येतोय. बरोबर एकजण आहे.” त्याच्या आवाजावरून मला समजलं. आई आहे मी. तिचं नाव रम्या. कडकोळला त्याच्याच कंपनीत आहे, हुणसूरकडची. हे मी तुला सांगायचं नाही असं ठरलंय. दिवाळीनंतर तो स्वतः तुला सांगणार आहे, आणि मी मान हलवली होती. आता सांगून बसले. त्याला काय वाटायचं ते वाटो.

मृदुला, त्या वेळी मला काही सुचेना. पाच वाजता ईश्वरी येणार. फोन मी नेहमी बाहुल्यांसमोर स्टुलावर उभा करते. पाहुणे कुठे बसतात? बाहुल्यांसमोर. ती पोर म्हणणार, आजी, फोन फिरव, आप्पा आले आहेत का? आणि आप्पाच्या शेजारी कोण बसलंय ते तिला दिसणार, तूही तो फोन धरून असणार. तुमच्या दोघींना हे असं कळावं? सैनिक आणि वाण्याच्या बाहुलीच्या शेजारी? प्रणेशला येऊ नको म्हणणं मला जमलं नाही. सणाच्या दिवशी मुलाला घरी येऊ नको कसं म्हणायचं? तुला फोन करून आज नको म्हटलं असतं तर तू ‘का?’ म्हणून विचारलं असतंस, आणि मला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही, हे तुझ्या पहिल्याच महिन्यात सिद्ध झालेलं आहे. म्हणून मी पायऱ्यांच्या मागे हात घातला आणि हाताला आल्या त्या सगळ्या तारा ओढल्या. मोडेम सरस्वतीपुढे नेऊन ठेवला, खरं वाटावं म्हणून त्यावर पुन्हा गंध-अक्षता वाहिल्या आणि बाबांना म्हटलं, पूजेतलं आहे, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. बाबांनी त्यावर आणखी एक फूल ठेवलं. ते कधी कधी फार शहाण्यासारखे वागतात.

पाच वाजता फोन वाजला. व्हिडिओ लागत नाही म्हणून तू साधा फोन केलास. मी स्वयंपाकघरात तो हातात धरून उभी होते आणि तुझं नाव बघत होते. तीनदा वाजला. मी उचलला नाही.

हॉलमध्ये ती मुलगी बाहुल्या बघत होती. वाईट नाही गं ती. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. वाकून नमस्कार केला, कोसंबरी आवडीनं खाल्ली, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली. मग सगळ्यात वरच्या पायरीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “अम्मा, ई पट्टद गोंबे यार्दु?” ते राजा-राणीचं लाकडी जोडपं कुणाचं, म्हणून. इकडे मुलीला लग्नात तिचे आईवडील ते देतात, हे तिला माहीत आहे, म्हणून सहज विचारलं. वर दोन जोडपी होती, एक माझं आणि एक तुझं. तिनं तुझ्या जोडप्याकडे बोट केलं होतं, राणीला तू हिरवं नेसवलं होतंस ते.

प्रणेश मोबाइलमध्ये बघू लागला. मी तोंड उघडलं, पण बाबाच बोलले. “नम्म सोसेदु,” म्हणाले. आमच्या सुनेचं. बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या मुलीनं हात जोडून राणीला नमस्कार केला. माझ्या मनात त्या वेळी इतकं काय काय झालं की मी उठून चटणी वाटायला गेले. तीच ती चटणी.

निघताना दारात प्रणेश म्हणाला, “आई, पुढच्या वर्षी ते जोडपं वर ठेवू नकोस.”

मी काय करावं? माझा मुलगा सुखी दिसत होता. खूप दिवसांनी त्याचा सदरा इस्त्रीचा होता. मला आनंद व्हायला हवा आणि झालाही थोडा, आणि त्याच वेळी तुझी आठवण येऊन वाईटही वाटलं. हे दोन्ही एकदम कसं होतं ते मला माहीत नाही. नरसिंहमूर्तीच्या त्या तुकड्यानं एका तारेच्या दोन होतात आणि दोन्हीकडे सगळं व्यवस्थित पोचतं. माणसाला तसं काही मिळत नाही.

काल दशमीला पूजा उतरवली आणि मोडेम परत जोडायला बसले. पिवळी तार कुठे होती आणि काळी कुठे, काही आठवेना. पायऱ्यांच्या मागे मी पोटावर पडून शिरले. बाबा वरून टॉर्च धरत होते आणि भलतीकडेच पाडत होते. सगळं जोडलं तरी दिवा एकच. हत्तींच्या मिरवणुकीमुळे, जंबू सवारीमुळे, रस्ते बंद, नरसिंहमूर्ती येऊ शकला नाही. आज सकाळी आला. त्यानं मोडेम उलटा करून आपटला, तर केबलच्या भोकातून अक्षता पडल्या. गंध वाळून आत चिकटलं होतं. “अम्मा, पूजे जास्ती आयतु,” म्हणाला. पूजा जरा जास्तच झाली. टूथब्रशनं घासून त्यानं ते काढलं. आता चारही दिवे लागले आहेत, एकही लुकलुकत नाही.

तर झालं ते असं. ईश्वरीला मी ताटकळत ठेवलं, ते मोडेममुळे नाही आणि सरस्वतीमुळेही नाही. तिला रम्याबद्दल काय सांगायचं आणि कधी, ते तू ठरव. तू सांगशील तेच ती नीट ऐकेल. मी तुझ्याआधी तिच्याजवळ अक्षर काढणार नाही, आणि तुम्ही फोनवर असाल तेव्हा इथे तुमच्याशिवाय कुणी नसेल. प्रणेशला मी आजच तसं सांगणार आहे. रविवारी पाच वाजता तो आला, तर गेटबाहेर उभा राहील.

तुझ्या राजा-राणीचं म्हणशील, तर तेही सांगते. तुमच्याकडे ही रीत नाही, म्हणून लग्नाच्या आधी मीच ते विकत आणलं होतं. तुझ्या आईच्या हातात दिलं आणि त्यांनी ते तुला दिलं, आठवतं? कोर्टाचे कागद झाल्यावर असं जोडपं कुणाचं होतं, ते कुठल्याही पोथीत नसेल. मी कुणाला विचारलंही नाही. ते तुझं आहे, मी ठरवलं. तू ने, नाहीतर माझ्याकडे राहू दे. माझ्या घरात पायऱ्या मी मांडते, आणि मी मांडीन तोपर्यंत ते वरच राहणार.

शेवटचं एक. दशमीच्या संध्याकाळी आरती झाली की एक बाहुली आडवी करायची असते. बाहुल्या झोपल्या, मग दुसऱ्या दिवशी पेटीत भरायच्या. हे तूच करायचीस, राणीला उशी द्यायचीस, आणि ईश्वरी तिच्या अंगावर रुमाल घालायची. काल बाबा म्हणाले, “वेदा, आता झोपव त्यांना.” मी नाही झोपवल्या. ईश्वरीनं अजून पाहिल्या नाहीत. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून असं कधी झालेलं नाही, आणि शेजारच्या बायका विचारतील तर मला सांगता येणार नाही. पितर चालवून घेतात, तर देवीही घेईल.

पत्र पोचायला आठवडा धरला, तर १२ तारखेला रविवार आहे. तोपर्यंत बाहुल्या उभ्या राहतील. पाच वाजता मी स्टुलावर फोन लावून बसेन. ईश्वरी सांगेल त्या बाहुलीला मी आडवं करीन. आणि जमलं तर, फक्त जमलं तर, फोन धरतेस तो हात जरा वळव. मला तुला बघायचंय.

तू मला आई म्हणत आलीस. तू दुसरं काही ठरवेपर्यंत सही तीच करते.

तुझी,
आई